तालीम होती तिथंच पुन्हा बांधा: आमच्या ग्रामपंचायतीला खुलं पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य,
ग्रामपंचायत, जिल्हा सांगली

सरपंच ताई आणि सर्व सदस्य, सप्रेम नमस्कार.

हे पत्र बाहेरचे लोकही वाचणार आहेत. गावाची बदनामी व्हावी असा हेतू नाही, म्हणून गावाचं नाव लिहिलेलं नाही. तुम्हाला ते सांगायची गरज नाही.

वळवाच्या वादळात तालमीचं शेड पडलं. त्यानंतरच्या मासिक सभेत तुम्ही ठराव केलात की शेड पुन्हा उभं करायचं नाही, पत्रे आणि लोखंड भंगारात काढायचं आणि त्या जागेवर व्यापारी गाळे बांधायचे. ही बातमी मला किराणा दुकानात कळली. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांकडे जाऊन मी ठराव वाचून आले. त्यात तीन कारणं दिली आहेत. तालुक्याला क्रीडा संकुल आहे, त्यामुळं गावात वेगळ्या सोयीची गरज नाही. पत्र्याचं शेड पुढच्या वादळात पुन्हा पडेल. आणि ग्रामपंचायतीकडे पैसा नाही. ही तिन्ही कारणं मला मान्य नाहीत. का ते लिहिते.

आधी माझा संबंध सांगते. मी या गावची सून. आमची द्राक्षबाग आहे, सीझनला बेदाण्याचं शेड असतं. माझी मुलगी नववीत आहे आणि सहावीपासून या तालमीत कुस्ती करते. तिच्यासोबत गावातल्या पंचवीस-तीस पोरी रोज संध्याकाळी मॅटवर असायच्या. वादळानंतर त्यातल्या निम्म्याही सरावाला येत नाहीत. कुणी भांडून गेलेलं नाही, कुणाच्या घरच्यांनी नाही म्हटलेलं नाही. जागाच नाही, म्हणून थांबलंय सगळं.

वादळाच्या रात्री आणि नंतरच्या चार दिवसांत तुम्ही सगळे रस्त्यावर होता, हे मी पाहिलं आहे. पडलेली झाडं काढली, खांब उभे करून घेतले, ज्यांच्या घरावरचे पत्रे गेले त्यांना ताडपत्री दिली. बागा जमीनदोस्त झाल्या त्यांच्या पंचनाम्यासाठी तलाठ्यांच्या मागं फिरलात. त्याबद्दल गाव तुमचं ऋणी आहे. घरं आणि पिकं आधी, हे बरोबरच होतं. पण घरांच्या आणि बागांच्या याद्या झाल्यावर तालमीच्या पंचनाम्यासाठी कुणी फिरलं का? मी विचारलं तेव्हा "ती खासगी तालीम मंडळाची" असं एकानं सांगितलं आणि "ती ग्रामपंचायतीची" असं दुसऱ्यानं. नुकसान नोंदवताना ती कुणाचीच नव्हती. गाळे बांधायचे ठरले तेव्हा मात्र जागा ग्रामपंचायतीची आहे याबद्दल कुणाला शंका आली नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

ती कुणाची आहे ते जुन्या माणसांना विचारा. लाल मातीचा हौदा आमच्या सासऱ्यांच्या लहानपणापासूनचा. त्याच्या शेजारचा हॉल यात्रेच्या शिल्लक पैशातून, वर्गणीतून आणि श्रमदानातून उभा राहिला. पायाचे दगड गावातल्या बैलगाड्यांनी आणले. मॅट नंतर आमदार निधीतून आली. 2019 च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांना पाठवायच्या भाकरी, चटणी, कपडे, जनावरांची वैरण सगळं याच हॉलमध्ये गोळा झालं आणि इथूनच टेम्पो भरले गेले. निवडणुकीचं मतदान साहित्य, लसीकरण, रक्तदान, काय काय त्या छपराखाली झालं ते तुम्हालाही आठवत असेल.

आता पहिलं कारण, तालुक्याचं संकुल.

संकुल चांगलं आहे. मैदान आहे, धावायला ट्रॅक आहे, बॅडमिंटनचा हॉल आहे. कुस्तीची मॅट नाही. पण समजा उद्या तिथं मॅट आली, तरी माझ्या मुलीला त्याचा उपयोग कसा होणार ते मला सांगा. शाळा पाचला सुटते. साडेपाचची एसटी वेळेवर आली तर सव्वासहाला स्टँडवर उतरणार. तिथून संकुल चालत वीस मिनिटं. परतीची शेवटची गाडी सात वाजता. म्हणजे अंग गरम व्हायच्या आत परत स्टँडकडे निघायचं. मोठ्या भावाच्या गाडीवरून जाता येईल असं कुणी म्हणेल. ज्यांना भाऊ आहे, भावाला गाडी आहे आणि भावाला रोज वेळ आहे, अशा किती पोरी गावात आहेत?

आम्ही आया नेऊ का? शालेय कुस्ती स्पर्धा पावसाळा सरता सरता सुरू होतात, आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. त्याच सुमाराला द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी येते. मग पेस्टिंग, फेलफूट काढणं, डिपिंग, विरळणी अशी बागेची कामं एकामागून एक लागतात. बाई दिवस उगवायच्या आधी बागेत जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. स्वतःची बाग असो नाहीतर दुसऱ्याची मजुरी असो, त्या महिन्यांत कुणालाही रोज तीन तास काढून मुलीला तालुक्याला नेणं जमत नाही. बापांचंही तेच. संकुलाची सोय कागदावर सगळ्यांसाठी आहे, पण प्रत्यक्षात ती तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांसाठी आहे.

मुलांचं एकवेळ निभेल. ती सायकलवरून जातील, गाडीवर तिघं बसून जातील, रात्री नऊला आली तरी घरचे फार बोलणार नाहीत. मुलीच्या बाबतीत घरचा प्रश्न एकच असतो, कुठं आणि किती वाजता. "तालमीत, सात वाजेपर्यंत" या उत्तरावर गावातल्या कितीतरी घरांनी मुली सोडल्या. तालीम गावठाणात आहे, समोर मारुतीचं देऊळ, बाजूला पिठाची गिरणी, येता-जाता ओळखीची माणसं. माझ्या सासूबाई सुरुवातीला मुलीच्या कुस्तीच्या विरोधात होत्या. पुढं त्याच देवळाच्या कट्ट्यावर बसून सराव संपायची वाट बघायच्या. हे तालुक्याच्या संकुलात होणार नाही.

आणि मुलींना इथं यायला सहज मिळालेलं नाही, हेही लक्षात घ्या. हौद्यात बाईनं पाऊल टाकायचं नाही ही रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. हॉल झाला, मॅट आली, तेव्हा वस्तादांनी सकाळची वेळ पोरांना आणि संध्याकाळची पोरींना अशी वाटणी केली आणि तालीम मंडळाच्या जुन्या मंडळींना स्वतः समजावलं. या कामाचा त्यांनी कधी एक रुपया घेतला नाही. मार्च 2023 मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि आपल्या जिल्ह्यातल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं ती गदा जिंकली. त्या दिवसानंतर आपल्या तालमीत नाव घालायला मुलींची रांग लागली होती. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तेव्हा तिच्या अभिनंदनाचे फोटो लावले. तिच्यासारखं व्हायचं म्हणणाऱ्या पोरी आता झेडपी शाळेच्या व्हरांड्यात सराव करतात. खाली शहाबादी फरशी. पटात शिरायचा डाव गुडघा जमिनीला टेकवून करावा लागतो. माझ्या मुलीचे दोन्ही गुडघे सोलून निघाले तेव्हा वस्तादांनी व्हरांड्यात डाव बंद केले. आता फक्त जोर, बैठका आणि दोरीवरच्या उड्या. व्यायाम होतो, पण त्यानं कुस्ती येत नाही.

मॅटचं काय झालंय ते कुणी पाहिलं का? पाहिलं नसेल तर सोसायटीच्या गोडाऊनच्या मागं जा. वादळानंतर पोरांनी ती गोळा करून तिथं रचून ठेवली. वरचं कव्हर दोन ठिकाणी फाटलंय. आतल्या फोमनं पाणी प्यायलंय. बोटानं दाबलं की बुडबुडे येतात आणि कुबट वास सुटतो. काही तुकडे अजून वाळवून वाचतील. पावसाळाभर तिथंच राहिले तर एकही वाचणार नाही. ती मॅटही सरकारी पैशातूनच आली होती.

दुसरं कारण, शेड पुन्हा पडेल.

याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पत्र्याचं शेड आमच्या रोजच्या जगण्यातलं आहे. वादळ आलं आणि शेड गेलं, देवाची करणी, असं म्हणून विषय मिटवला जातो. मी मलब्यातून काही हुक उचलून आणलेत. पत्रा लोखंडी अँगलला धरून ठेवणारे ते इंग्रजी J आकाराचे हुक. काहींचा आकडा सरळ झालाय, काही गंजून मधेच तुटलेत. बहुतेकांवरचा वायसर उन्हानं तडकलेला आहे. वायसर गेला की भोकातून पाणी झिरपतं, पाण्यानं हुक गंजतो, आणि कधीतरी जोराचा वारा येतो. हे वर्षानुवर्षं चालू होतं. वर चढून एकदाही कुणी पाहिलं नाही.

लोकांना वाटतं वारा शेडला ढकलून पाडतो. छपराच्या बाबतीत बहुतेक वेळा उलट होतं. छपरावरून वेगानं वारा गेला की वरचा दाब कमी होतो आणि पत्रा वर खेचला जातो. ही ओढ कडेला, कोपऱ्यांत आणि मोगरीजवळ, म्हणजे छपराच्या मधल्या उंच धारेजवळ, सगळ्यात जास्त असते. त्यात आपल्या हॉलची एक बाजू उघडी होती. वारा त्या बाजूनं आत शिरला, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून आतूनही पत्र्याला वर रेटलं. वरून ओढ आणि खालून रेटा दोन्ही एकाच वेळी. कडेची पहिली ओळ सुटली की पुढच्या ओळी उचलायला वाऱ्याला काहीच जोर लागत नाही. आपले पत्रे गिरणीच्या पलीकडच्या रानात सापडले, पण भिंती उभ्या आहेत आणि खांबही बरेचसे जागेवर आहेत, हे तुम्हीही पाहिलंत. तालीम मुळापासून गेलेली नाही. तिचं छप्पर गेलंय.

अशा इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा याचं भारतीय मानक आहे, आयएस 875 भाग 3. ते 2015 मध्ये सुधारलं गेलं. त्यात उदाहरणार्थ पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर धरलेला आहे. एका बाजूनं उघड्या शेडसाठी आतला दाब वेगळा मोजायला सांगितलं आहे. आपल्या शेडचं असं गणित कुणी कधी केलं होतं का? ते मिस्त्रीच्या अंदाजानं उभं राहिलं, आणि तरी इतकी वर्षं टिकलं. आता अभियंत्याकडून आराखडा करून घ्या. हुकाऐवजी रबरी वायसर असलेले सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, कडेला आणि कोपऱ्यांत ते जवळजवळ, कैच्यांना (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांना) आडवे-तिरपे ताण, पायाच्या प्लेटला नीट नटबोल्ट, उघडी बाजू बंद आणि समोरासमोर हवेशीर जाळ्या. एवढं केलं की तेच शेड वळवाला उभं राहतं. आणि दर मार्चला, वळीव सुरू व्हायच्या आधी, एक माणूस वर चढवून स्क्रू तपासून घ्यायचे. आम्ही बेदाण्याच्या शेडचं हे दरवर्षी करतो.

पडेल म्हणून बांधायचं नाही, हा न्याय आपण दुसऱ्या कशाला लावला? त्याच वादळात सोसायटीच्या गोडाऊनचे पत्रे गेले होते. ते लगेच बसवले गेले. तालमीचंही तसंच करायला हवं होतं.

तिसरं कारण पैशाचं. तिथं मी जपून बोलते, कारण ग्रामपंचायतीचा जमाखर्च तुम्ही सांभाळता आणि घरपट्टी किती थकते ते मला माहीत आहे. पण पैसा नाही म्हणण्याआधी मागितला किती ठिकाणी, हे गावाला कळायला हवं. राज्याच्या क्रीडा खात्याच्या व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अशा अनुदान योजना आहेत. त्यांचे प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातात. जिल्हा नियोजन समिती आहे. आमदार निधी, खासदार निधी आहे. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींना दिलेल्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, बाकीचा 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची मुभा होती. गाव विकास आराखड्यात तालमीची साधी दुरुस्ती कधी धरली गेल्याचं मला आठवत नाही. ठरावाच्या कागदात यातल्या कुठल्याही ठिकाणी प्रस्ताव पाठवल्याचा उल्लेख नाही. आणि गाळे बांधायलाही पैसा लागणारच आहे. तो कुठून येणार, हेही ठरावात नाही.

गाळ्यांना माझा विरोध नाही. त्यातून भाडं येईल, चार पोरांचा धंदा उभा राहील, ग्रामपंचायतीचं उत्पन्न वाढेल, हे मला कळतं. गावातल्या तरुणांना गाळे हवेतच. पण ते रस्त्यावर हवेत, जिथं गिऱ्हाईक थांबतं. एसटी स्टँडसमोर कोंडवाड्याची जागा कित्येक वर्षं पडून आहे. तिथं कोंडवाडा राहिलेला नाही, गाजर गवत आणि मोडकी ट्रॉली आहे. गाळ्यांसाठी ती जागा तालमीच्या जागेपेक्षा चांगली. देवळामागच्या बोळात दुकान घालून कुणाचं भलं होणार? तालीम मात्र गावठाणातच हवी, कारण तिच्यात पोरं चालत यायला हवीत.

ठराव ज्या रीतीनं झाला तीही मला मान्य नाही. गावाच्या सामाईक जागेचा वापर कायमचा बदलायचा आणि ग्रामसभेत विषयच यायचा नाही, हे बरोबर नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 मध्ये ग्रामसभा आहे, आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती सभा आपल्याकडे सह्यांपुरती होते. तालमीचा विषय तिथं मांडला असता तर बायका काय बोलल्या असत्या ते मला माहीत आहे, कारण गेले काही दिवस त्या माझ्याशी बोलत आहेत. ताई, तुम्ही स्वतः बाई आहात. तुम्ही सरपंच झालात तेव्हा आम्ही बायकांनी तुमच्या दारात साखर वाटली होती. तुमच्याकडूनच आमची अपेक्षा जास्त आहे, आणि हे मी टोचून बोलत नाही, मनापासून लिहिते आहे.

भंगाराचंही तसंच. कोणता अँगल वाकलाय, कोणता धडधाकट आहे, कोणती कैची पुन्हा वापरता येईल, हे कुणा जाणकारानं तपासलेलं नाही. लिलाव झाला की तेच लोखंड उद्या नव्या भावानं विकत घ्यावं लागेल.

तालमीवर फक्त कुस्तीगीर अवलंबून नाहीत. गावातली पोलीस भरतीची पोरं-पोरी तिथल्याच मैदानात गोळाफेक करायची, हॉलमध्ये वजनं मारायची. भरतीत मुलींना 800 मीटर, मुलांना 1600 मीटर धावावं लागतं. ती पोरं आता डांबरी रस्त्यावर पळतात. ऊस सुरू झाला की त्याच रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अंधारात येतात, मागं दिवा नसतो. अपघात झाला तर आपण सगळे हळहळणार आणि गतिरोधक मागणार. मैदान परत मिळालं तर पोरं रस्त्यावर जाणारच नाहीत. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. बागेवर कर्ज असलेल्या घरातल्या पोरीला ते केवढं मोठं दार आहे, हे द्राक्षाच्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको.

"खेळून कुणाचं भलं झालंय" असंही एक सदस्य बोलल्याचं ऐकलं. त्यांनी रागानं म्हटलं असेल, मी धरून बसत नाही. फक्त आपल्याच मातीतली माणसं मोजते. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. स्मृती मानधनाचं क्रिकेट सांगलीत घडलं. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्यपदक मिळवलं, त्याच्या घरी पानाची टपरी होती. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं. शेजारच्या साताऱ्यात माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत धावली, आणि अदिती स्वामी 2023 मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. कुणीही थेट मोठ्या संकुलात जाऊन खेळाडू होत नाही. घराजवळ कुठंतरी पहिली जागा लागते, मग पुढचं सगळं.

एक उदाहरण मला घाबरवतं, तेही सांगते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी जिंकलं. जायला पैसे नव्हते तेव्हा लोकांनी वर्गणी काढली होती. त्यांच्या नावानं गावात कुस्ती संकुल उभारायची घोषणा सरकारनं केली आणि ते काम इतकं रेंगाळलं की 2017 मध्ये त्यांच्या घरच्यांनी ते पदकच लिलावात काढायची भाषा केली. एवढ्या मोठ्या माणसाच्या गावाची ही गत झाली. आपल्या तालमीच्या नावावर तर एकही पदक नाही. आत्ता, भिंती उभ्या असताना, पोरं अजून व्हरांड्यात का होईना येत असताना हे झालं नाही, तर दोन वर्षांनी मागायला कुणी उरणार नाही. पोरी दहावीला जातील, बारावीला जातील, लग्नं ठरतील. वस्तादांचंही वय झालंय. त्यांच्यानंतर रोज संध्याकाळी फुकट दोन तास द्यायला कोण येणार आहे?

म्हणून आमच्या मागण्या अशा.

गाळ्यांचा ठराव स्थगित करा आणि भंगाराचा लिलाव आजच थांबवा. लोखंड आणि चांगले पत्रे मोजून, यादी करून, कुलपात ठेवा.

तालमीच्या एकाच विषयावर विशेष ग्रामसभा बोलवा. तिच्याआधी महिला सभा घ्या, ती संध्याकाळी घ्या, म्हणजे बागेतून आल्यावर बायकांना येता येईल. दवंडी द्या, नुसता फलकावर कागद लावू नका.

पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांकडून उरलेल्या भिंती, खांब आणि कैच्या तपासून घ्या. वाऱ्याच्या भाराचं गणित धरून अंदाजपत्रक तयार करा आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवा. त्यात मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह धरा. आधीच्या हॉलला ते नव्हतं, पोरी घरून कपडे घालून यायच्या आणि तहान लागली तरी पाणी पीत नव्हत्या.

जागा आणि इमारत कुणाच्या नावावर आहे ते नोंदवहीत स्पष्ट करा. तालीम मंडळ आणि ग्रामपंचायत यांच्यात लेखी करार करा, त्यात दरवर्षीच्या देखभालीचा खर्च कुणी करायचा ते लिहा.

अनुदानाचे प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी, जिल्हा नियोजन समिती, आमदार आणि खासदार या चारही ठिकाणी पाठवा. पोच पावत्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. नकार आला तर नकाराचं पत्रही लावा.

बांधकाम होईपर्यंत सोसायटीचं रिकामं गोडाऊन किंवा देवळाचा सभामंडप संध्याकाळी दोन तास सरावाला द्या. आणि मॅट या आठवड्यात कोरड्या जागी हलवा. ही एक मागणी अशी आहे की तिला ठराव, निधी, अभियंता काहीच लागत नाही. ट्रॅक्टर आमचा देते, उचलायला पोरं तयार आहेत. फक्त किल्ली द्या.

गावानंही वाटा उचलायचा आहे, तो ग्रामपंचायतीवर ढकलायचा माझा विचार नाही. द्राक्षाचे पैसे यायला अजून वेळ आहे, आणि यंदा वादळानं कितीतरी जणांचं सगळं गेलंय, त्यामुळं आज कुणाकडं वर्गणी मागवत नाही. पण श्रमदानाला माणसं तयार आहेत. गावातल्या दोन वेल्डरांनी मजुरी न घेता काम करायचं कबूल केलंय. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली तालमीतली जुनी पोरं फोन करून विचारतायत की पैसे कुठं पाठवायचे. खातं कुणाच्या नावानं उघडायचं हे ग्रामसभेत ठरलं, हिशोब फलकावर लागला, तर पैसा उभा राहील. त्यासाठी आधी तुमचा ठराव मागं घ्यावा लागेल. जिथं गाळे होणार त्या जागेसाठी कुणी वर्गणी देणार नाही.

या पत्राखाली तालमीत येणाऱ्या मुला-मुलींच्या पालकांच्या सह्या आहेत. सह्यांचे कागद ग्रामसेवकांकडे जमा केले आहेत आणि त्याची पोच घेतली आहे. विशेष ग्रामसभेची तारीख पंधरा दिवसांत कळावी. कळली नाही तर आम्ही सगळे पालक येत्या मासिक सभेला ग्रामपंचायतीसमोर येऊन बसू, मुलींनाही सोबत आणू आणि त्यांचा सराव तिथंच अंगणात होईल. मलब्यातले हुक मी जपून ठेवले आहेत. अभियंत्यांना दाखवायला ग्रामसभेत घेऊन येईन.

आपली,
तालमीत येणाऱ्या एका मुलीची आई
आणि सही करणारे सर्व पालक

प्रत माहितीसाठी आणि कार्यवाहीसाठी:
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, सांगली
मा. तहसीलदार (तालमीच्या नुकसानीचा पंचनामा करून मिळावा, ही विनंती)